मर्यादवेल दारात आणली तेव्हा

चौदा बिया होत्या. ऑक्टोबरच्या शेवटी कोकणातल्या एका किनाऱ्यावर, भरतीने मागे सोडलेल्या काडीकचऱ्याच्या रेघेत सापडलेल्या. वाटाण्याएवढ्या, गडद तपकिरी, अंगावर मखमलीसारखी लव. एक बाजू गोल, बाकीच्या बाजू सपाट, कारण एका बोंडात चार बिया एकमेकींना पाठ लावून बसलेल्या असतात. त्या पँटच्या खिशात टाकल्या आणि घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे वाडग्यात पाणी घेऊन त्यात सोडल्या. बी पारखायची ही पद्धत मी लहानपणापासून बघत आले आहे: बुडेल ते भरलेलं, तरंगेल ते पोचट. बारा मोजल्या, त्यातल्या नऊ तरंगल्या आणि तीन बुडाल्या. दोन कमी कशा, याचा विचार केला नाही. तरंगणाऱ्या नऊ परसातल्या खताच्या खड्ड्यात फेकून दिल्या आणि तीन बिया मोठ्या कौतुकाने लावल्या.

मर्यादवेलीची बी तरंगण्यासाठीच घडवलेली असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कवच आणि आतली डाळ यांच्यात हवेची पोकळी असते, त्या जोरावर ती समुद्रात दिवसचे दिवस वाहत जाते. म्हणूनच ही एकच वेल भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, जिथे उष्ण समुद्र आणि वाळू आहे तिथे बहुतेक सगळीकडे आहे. माझ्या तीन बुडालेल्या बिया बुडाल्या, कारण त्या फुटक्या होत्या. एकीला किड्याने पाडलेलं टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं, ते मी नंतर उकरून पाहिलं तेव्हा दिसलं. तिन्ही कुजल्या. म्हणजे निरोगी बिया फेकल्या आणि मेलेल्या जपल्या.

ही वेल मला का हवी होती, तेही सांगते. त्या किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेल्या एका आजोबांना मी विचारलं होतं, ही जांभळ्या फुलांची वेल कुठली? त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मर्यादवेल. हिच्या पलीकडे समुद्राचं, अलीकडे आपलं." नावाचा अर्थ इतका सरळ कळल्यावर ती वेल नुसती फुलांची वेल उरली नाही. खरोखरच ती भरतीरेषेच्या जरा वर सुरू होते आणि समुद्राच्या दिशेने लांबच लांब दोर सोडते. सोबतीला काटेरी गोळ्यांचं ते गवत, रावणाच्या मिशा. दोघं मिळून उडती वाळू धरून ठेवतात आणि तिची टेकडी होऊ देतात. शिंपर नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये अशा किनाऱ्यांवरच्या वनस्पतींच्या अख्ख्या समूहाला या वेलीचंच नाव दिलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये तिला 'पेस-काप्री' म्हटलं होतं, म्हणजे बकरीचा पाय. पान पाहिलं की पटतं. टोकाशी खाच, दोन सारखे भाग, हुबेहूब खूर. बंगालीत तिला छागलखुरी म्हणतात. लिनियसला बंगाली येत नव्हतं आणि बंगाली माणसाने लिनियस वाचला नव्हता, तरी दोघांना बकरीच दिसली.

तर बिया संपल्या असं समजून मी गप्प बसले. डिसेंबरात तीच पँट इस्त्रीला काढली तेव्हा खिशाच्या शिवणीत काहीतरी टोचलं. हरवलेल्या दोन बिया! मधल्या काळात ती पँट निदान सहा-सात वेळा वॉशिंग मशीनमधून, साबणाच्या पाण्यातून फिरून आली होती. लव थोडी गेली होती, बाकी बियांना काही झालेलं नव्हतं. फुगल्याही नव्हत्या. तेव्हा डोक्यात उजेड पडला की या कवचातून पाणी आत जातच नसणार. जिला महिनोन्महिने समुद्र झिरपत नाही, तिला माझ्या कुंडीतलं पाणी काय झिरपणार?

एक बी तशीच ठेवली. दुसरीला काचपेपरवर घासलं. कुठे घासायचं हे महत्त्वाचं: ज्या टोकाला बी बोंडाला चिकटलेली असते तिथे बारीक खळगा असतो, ती बाजू सोडायची, कारण अंकुराचं मूळ तिथूनच निघतं. गोल पाठीवर घासायचं. तपकिरी जाऊन फिकट पांढरट ठिपका दिसला की थांबायचं. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी घासलेली बी फुगून जवळजवळ दुप्पट झाली होती. न घासलेली होती तशीच, वर तरंगत. चौथ्या दिवशी मूळ बाहेर आलं. आठवड्याने दोन जाड बीजपत्रं उघडली, मधे खोल चिरलेली, फुलपाखराच्या पंखांसारखी. न घासलेली बी मी तशीच कुंडीत पुरली. ती पुढे कधी दिसलीच नाही.

आता माझ्याजवळ एक रोप होतं आणि त्याच्यावर मी वीस रोपांची माया ओतली. कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. रोज संध्याकाळी पाणी. तीन खरी पानं आली, मग एका सकाळी रोप आडवं पडलेलं. मातीलगतचा देठ पाण्यात भिजलेल्या कागदासारखा मऊ झाला होता. बुंधाकूज. आई मागे उभी होती. म्हणाली, "अगं, वाळूत राहणारं ते. तू त्याला दुधातुपात बुडवलंस." मला तेव्हा राग आला, कारण बरोबर होतं.

पुढच्या वर्षी बियांचा नाद सोडला आणि फांदीकडे वळले. इथे एक पथ्य पाळलं, तेही सांगते. किनाऱ्यावरची जिवंत वेल उपटायची नाही. ती तिथे शोभेसाठी नाही, तिने वाळू धरलेली असते. दोन-तीन हौशी माणसांनी जरी दोर ओढून नेले तरी तेवढ्या जागेवरची वाळू वाऱ्यावर जाते. पावसाळ्यात लाटा टेकडीचा पायथा खातात तेव्हा दोरांचे तुकडे आपोआप तुटून काठावर पडतात. त्यांतला एक, साधारण दोन हात लांब, पेरांवर आधीच पांढरी मुळं फुटलेला, मी उचलला. वाळू आणायचाही मोह झाला होता, पण किनाऱ्यावरची वाळू उचलायला कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

दोर कापला की पांढरा चीक येतो, हाताला चिकटतो. चार-चार पेरांचे तीन तुकडे केले. उभे खोचले नाहीत, आडवे निजवले, जसे ते किनाऱ्यावर असतात. दोन पेरं जाड वाळूत दाबली, दोन वर ठेवली, पानं एक सोडून सगळी काढली. दहा दिवसांनी हलकेच ओढून पाहिलं तर तुकड्याने ओढ दिली. तिन्ही जगले. ज्याच्या बीने मला वर्षभर रडवलं त्याच्या फांदीने दहा दिवसांत मुळं धरावीत, याचं मला तेव्हा भारी आश्चर्य वाटलं. खरं तर वाटायला नको होतं. ही रताळ्याची सख्खी नातेवाईक, आणि रताळ्याचे वेल आपण लावतो ते असेच पेरं दाबून.

ते तीन तुकडे मी अंगणातल्या काळ्या मातीत लावले आणि सगळ्यात लांबलचक चुकीला सुरुवात केली. वेल वाढली. कशी वाढली! पानं तळहाताएवढी, गर्द हिरवी, तुकतुकीत. शेजारपाजारचे कौतुक करायचे. फूल मात्र एक नाही. वर्ष गेलं. मी शेणखत वाढवलं. पानं आणखी मोठी झाली. फुलं नाहीतच.

मग मला वाटलं, समुद्राची वेल, हिला मिठाची आठवण येत असेल. हसू नका, बऱ्याच जणांना असं वाटतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मी सावधपणे त्याच्या निम्मं मीठ घालून आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी देऊ लागले. दीड महिन्यात वेलीला काही झालं नाही, पण तिच्या बाजूच्या जास्वंदीच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या, आणि त्या वाफ्यातली माती बदलली. काळी माती ओली असताना लोण्यासारखी आणि सुकल्यावर भेगाळलेली असते, हे नेहमीचं. ही मात्र वर सिमेंटसारखी पापडी धरू लागली, पाणी मुरेना, वरच साचून राहिलं. सोडियमने चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे होतात आणि मग ते मधली छिद्रं बुजवतात. वाळूत हा प्रश्न येत नाही. तिथे पाऊस एका दमात मीठ धुऊन नेतो, आणि बुजायला चिकणमातीच नसते. त्या वेलीला मीठ सोसतं, लागत नाही. इतर झाडं तिथे टिकत नाहीत म्हणून तिला ती जागा मिळाली आहे, एवढंच. तो वाफा परत माणसात आणायला मला जिप्सम घालून दोन पावसाळे धुवावा लागला. जास्वंद त्यात गेली.

मिठाचं पाणी घातलं त्याच वर्षीच्या पावसाळ्यात काळ्या मातीत चार दिवस पाणी साचलं आणि मर्यादवेलही मुळाकडून सडायला लागली. शेंड्याकडचे चार तुकडे वाचवले. आता मात्र शहाणपण सुचलं, किंवा चुका करायला काही शिल्लक राहिलं नाही. दक्षिणेकडच्या कुंपणभिंतीलगत, जिथे दिवसभर ऊन आणि भिंतीची धग, तिथे विटांची दीड फूट उंच चौकट केली. तळाला विटांचे तुकडे. वर दगडाच्या खाणीतली जाडी चुरी, चाळून धूळ काढलेली, आणि दहा घमेल्यांना एक घमेलं माती. खत नाही. शेणखत नाही, गांडूळखत नाही, काही नाही. हात शिवशिवत होते, पण नाही घातलं. पहिला महिनाभर दोन दिवसांआड पाणी दिलं, मग आठवड्याला एकदा, मग पूर्ण बंद केलं.

वेलीने आधी माझ्यावर सूड उगवल्यासारखं केलं. नवी पानं लहान आली, दोन बोटांएवढी, जाड, फिकट. भर दुपारी ती मधल्या शिरेवर मिटून उभी राहायची, पुस्तक अर्धवट मिटावं तशी. मी घाबरून झारी उचलली की आई म्हणायची, "राहू दे." संध्याकाळी पानं पुन्हा उघडी.

याच काळात मुंग्यांची रांग लागली. मला वाटलं मावा पडला. साबणाचं पाणी फवारून घेतलं, पण मावा कुठे दिसेना आणि मुंग्या दुसऱ्या दिवशी हजर. शेवटी भिंग घेऊन उकिडवी बसले. देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना एकेक बारीक फुगवटी होती, शिवणकामातल्या टिपेएवढी, आणि एकीवर पाण्याचा वाटावा असा स्वच्छ थेंब. मुंगीने तो प्यायला आणि पुढच्या देठाकडे गेली. मकरंद फुलात असतो एवढंच शाळेत शिकलो होतो. ही वेल तो पानाच्या देठावर मांडून मुंग्या पाळते आणि त्या बदल्यात मुंग्या पानं कुरतडणाऱ्यांना पिटाळतात. मी त्या पहारेकऱ्यांनाच साबणाने अंघोळ घालत होते. पहारा काही कडेकोट नव्हता म्हणा. सोन्याचा मुलामा दिल्यासारखे ते चपटे सोनकिडे येऊन पानांना गोल गोल भोकं पाडून जायचेच. रताळ्यावर येतात तेच. इतके देखणे असतात की मी त्यांना मारू शकले नाही. सकाळी उचलून लांब बेशरमीच्या झुडपावर नेऊन सोडायचे. तीही याच घराण्यातली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, चौकट बांधल्यापासून सातव्या महिन्यात, पानांच्या बगलेत पहिली कळी दिसली. आदल्या संध्याकाळी ती मिटलेल्या छत्रीसारखी पिळून लांबट झाली होती. मी सहाच्या आधी उठून चहाचा कप घेऊन तिथे जाऊन बसले. उमलताना डोळ्यांना कळत नाही. एकदा वळून कपात पाहिलं आणि परत पाहिलं तर पीळ सैल झालेला. साडेसातच्या सुमाराला नरसाळं पुरं उघडलं. गुलाबी-जांभळं, आत घशाशी गडद, आणि त्या गडद रंगाच्या पाच पट्ट्या कडेपर्यंत गेलेल्या, त्यामुळे फुलात एक चांदणी उमटल्यासारखी दिसते. पाकळ्या सुट्या नसतात, सगळं एकसंध, रेशमी कागदासारखं पातळ. ज्या वेलीची पानं चामड्यासारखी, तिचं फूल असं. आठच्या सुमाराला एक काळाभोर भुंगा आला आणि अख्खा आत शिरला, फक्त पाठ बाहेर. निघाला तेव्हा डोकं परागाने पांढरं. दुपारी दोनपर्यंत कडा आत वळल्या, संध्याकाळी फूल गळून वाळूवर पडलेलं. एका दिवसाचं आयुष्य. पण दुसऱ्या दिवशी दोन होती, आणि मे महिन्यात एके सकाळी मी सव्वीस मोजली.

फळ मात्र धरेना. शेकडो फुलं येऊन गेली, भुंगे रोज यायचे, बोंड एकही नाही. फूल गळलं की मागचा देठही दोन दिवसांत पिवळा पडून गळायचा. याचं कारण मला रताळ्याने सांगितलं. रताळ्याला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, दुसऱ्या वाणाचा लागतो. माझी सगळी वेल एका तुटक्या दोराचे तुकडे होती. दिसायला पाच-सहा वेली, पण खऱ्या अर्थाने एकच. भुंगा एका फुलाचा पराग त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाला नेऊन देत होता.

दुसरी वेल मिळाली ती मी कधी शोधलीही नसती अशा जागी. जूनच्या पहिल्या पावसानंतर खताचा खड्डा उपसायला घेतला, तर कडेला, जिथे खत कमी आणि विटांचा चुरा जास्त होता, तिथे एक रोप. बीजपत्रं गळून गेलेली, पण पुढची दोन पानं टोकाला खाच असलेली. मी फावडं खाली ठेवलं. त्या नऊ बियांतली एक! तीन पावसाळे आणि तीन उन्हाळे खड्ड्यात सडत-तापत पडल्यावर कवच झिजलं असणार. मी मुळाभोवतीच्या गोळ्यासकट ते उचललं आणि चौकटीच्या दुसऱ्या टोकाला लावलं. खत धुऊन टाकलं, हे मुद्दाम सांगते.

पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही वेली एकाच वेळी फुलल्या. नवीचा रंग किंचित फिकट, घसा तेवढाच गडद. एप्रिलमध्ये पहिली बोंडं धरली. हिरवी, गोल, मग तपकिरी होऊन तडकणारी, आत चार-चार. सगळ्याच फुलांना धरली नाहीत, पण एवढी नक्की धरली की भिंतीखाली बिया पायाला लागायला लागल्या.

आता प्रश्न उलटा झाला आहे. मर्यादवेलीला मर्यादा नाही. पावसाळ्यात तिचे दोर विटांच्या चौकटीवरून उतरून अंगणातल्या फरशीवर धावतात, दर पेरावर मूळ सोडतात, फरशांच्या सांध्यात शिरतात. गेल्या सप्टेंबरात एक दोर मोजला तर अठ्ठावीस फूट भरला. किनाऱ्यावर तर याहून कितीतरी लांब जातात. दर पंधरवड्याला कात्री घेऊन फिरावं लागतं, आणि कापलेले तुकडे नुसते मातीवर टाकायचे नाहीत, उन्हात फरशीवर पूर्ण सुकवून मगच खड्ड्यात. ज्यांना लावायची असेल त्यांनी मोठी पसरट कुंडी घ्यावी हे बरं. पंधरा इंच खोल चालते, दोर कडेवरून खाली सोडले की छान लोंबतात. ऊन मात्र पूर्ण हवं. माझ्या एका मैत्रिणीने अर्ध्या सावलीत लावली. तिच्याकडे फक्त पानं आहेत आणि ती अजून माझ्यावर रुसून आहे.

एक गंमत अजून चालू आहे. चार्ल्स डार्विनने १८५५ च्या सुमाराला घरी बसून बिया खाऱ्या पाण्यात ठेवून पाहिल्या होत्या, की समुद्र ओलांडून झाडं बेटांवर पोचू शकतात का. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजल्या. हे वाचल्यावर मी तोच जुना वाडगा घेतला, ज्यात पहिल्या बिया पारखल्या होत्या. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, आणि माझ्याच भिंतीखालच्या सहा बिया. खिडकीत ठेवला आहे. पाणी आटेल तसं साधं पाणी घालून रेघेपर्यंत आणते, नाहीतर खारटपणा वाढतो. आई येता-जाता बघते आणि विचारते, "बुडाल्या का गं?"

आज एक्केचाळिसावा दिवस. सहाच्या सहा तरंगतायत.